वांगावर लिंबू-सोडा? नको गं बायांनो!
'लिंबू-सोडा चोळा, आठ दिवसांत वांग गायब' हा मेसेज आपल्या बीड-परभणीकडच्या बचतगटांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. लिंबाचा रस लावून उन्हात कापूस वेचायला गेलं की कातडी भाजते, डाग उलट गडद होतो. माझ्या जावेच्या गालावर पाहिलंय मी.

वांग म्हणजे पोटातली घाण नव्हे. ऊन, गरोदरपण, पाळी लांबवायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता यांनी त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, वाढतं. मेडिकलमधून कुणी सुचवलेली स्टेरॉइडची ट्यूब तर मुळीच नको. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ, लाल होते, लव वाढते.

रुमाल बांधा, एसपीएफ (उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा) ३० चं सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. फरक पडायला महिने लागतात.