‘अशक्तपणा म्हणजे चरबी जळतेय’ म्हणे!

आधी इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग सासरवाडीच्या आणि शेवटी थेट मावशीकडून, असा एकच मेसेज मला तीनदा आला. सार असं: वजनाच्या ऑपरेशननंतर अशक्तपणा आला तर घाबरू नका, ती चरबी जळत असते. गोळ्या-पावडरी हा कंपन्यांचा धंदा आहे. द्राक्षाचा ताजा रस आणि डाळीचं पाणी घ्या, आठ दिवसांत ताकद येते. उलट्या झाल्या तर होऊ द्या, पोट साफ होतं. आणि पडून राहा.

माझं वजन घटवायचं बायपासचं ऑपरेशन (हृदयाचं नव्हे; यात जठर लहान करून आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळतात) होऊन सव्वा वर्ष झालं, म्हणून बोलतो.

चरबी जळते, खरंच. पण पोटात पुरेशी प्रथिनं गेली नाहीत तर शरीर स्नायूही मोडून खातं, आणि जिना चढताना मांड्या थरथरतात त्या त्यामुळे. शिवाय प्रत्येक थकव्याचं कारण खाण्यात नसतं. पहिल्या पंधरवड्यात माझं निम्मं दुखणं पाण्याचं होतं. जठराचा जेमतेम 30 मिलीचा कप्पा उरलेला, घटाघटा पिणं बंद. दिवसाकाठी दीड लिटर पाणी घोटाघोटाने पोटात घालायचं, तेही जेवताना नाही आणि जेवल्यावर अर्धा तास तर नाहीच. हे जमेपर्यंत माणूस सुकतोच. उरलेलं दुखणं रक्तदाबाच्या जुन्या गोळीचं. खुर्चीतून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी. खाणं आणि वजन घटलं की रक्तदाबही उतरतो, हे मला कुठे माहीत? डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला आणि अंधारी गेली. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचंही तसंच, फक्त ते आपल्या मनाने कमी-जास्त करायचं नाही.

आता रस. ही चूक मी स्वतः केली आहे. चौथ्या महिन्यात मोहाडीला मामांच्या बागेत गेलो होतो, द्राक्षं उतरवणं चालू होतं. मामांनी कौतुकाने पेलाभर रस दिला, मी उभ्याउभ्या संपवला. दहा-पंधरा मिनिटांत छातीत धडधड, कपाळावर गार घाम, पोटात मुरडा. पालथ्या क्रेटवर मान खाली घालून बसलो, मजुरांनी टोपीने वारा घातला. याला डंपिंग म्हणतात. 200 मिली रसात 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती एकदम लहान आतड्यात उतरते आणि तिच्यामागे शरीर तिथे पाणी ओढतं. काहींना दोनेक तासांनी साखर घसरून पुन्हा हातपाय गळतात. ताकदीचा म्हणून घेतलेला रसच असा आडवा पाडतो.

डाळीचं पाणी पहिले दोन-चार दिवस ठीक, तेव्हा पातळच घ्यायचं असतं. पुढे मात्र ती फसवणूक आहे. पाण्यात डाळीचा वास उतरतो, प्रथिनं गाळणीत राहतात. नाचणीच्या आंबिलीचंही घरोघरी कौतुक. कॅल्शियम उत्तम, पण दोन चमचे पिठात प्रथिनं दीड ग्रॅमही नाहीत. मला दिवसाला 60 ते 80 ग्रॅम सांगितली होती. एका अंड्यात सहा, 100 ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. मुलीच्या भातुकलीतली स्टीलची वाटी मी माप म्हणून घेतली होती. तिच्यात आधी पनीरचा चुरा किंवा घोटलेली मूगडाळ, जागा उरली तर भाताची दोन शितं. त्या वाटीने साठ ग्रॅम गाठायला दिवस पुरत नाही, म्हणून सुरुवातीला पावडर. पावडर विकणाऱ्यांचा धंदा असतोच, नाही कोण म्हणतं? कोणती घ्यायची ते आहारतज्ज्ञाला विचारा, जिममधल्या मित्राला नको.

गोळ्यांचं वेगळं. बी-12 शोषायला जठरातून पाझरणारा एक घटक लागतो, आणि लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, तोच बायपासमध्ये वगळलेला असतो. मग पालक-बीट कितीही खा. गोळ्या जन्मभर, रक्ततपासणी वेळच्या वेळी. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, दोन तासांचं अंतर. लोहाच्या गोळीवर चहाही नाही, हे मला सगळ्यात जड गेलं.

‘उलट्या होऊ द्या’ हे वाक्य मात्र जीवघेणं आहे. बी-1, म्हणजे थायमिन, याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचाच, आणि तो संपला की मेंदूवर परिणाम होतो. उलट्या थांबत नसतील आणि चालताना तोल जातोय, एकाचे दोन दिसताहेत, बोलण्यात घोळ होतोय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. जवळच्या दवाखान्यात जाऊन ‘एक सलाईन लावून टाका’ ही आपली सवयही इथे अंगाशी येते. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूवरचा परिणाम वाढू शकतो. ऑपरेशन झालंय हे आधी सांगा.

पडून राहण्याबद्दल काय बोलू? मला पहिल्याच दिवशी उठवून वॉर्डात चालवलं होतं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे नाशकात राहून द्राक्षं खायचीच नाहीत का रे?” खातो की. जेवणाच्या शेवटी पाच-सहा, एकेक चावून. पेला मामांना.