‘खंडणी’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?

गेल्या महिन्यात कँटीनमध्ये डबा खाताना मित्राने विचारलं, “तुमच्यात येशूला तारणारा म्हणतात, म्हणजे नेमकं काय रे?” दहा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवतोय, पण हे त्याने पहिल्यांदाच विचारलं. संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं वचन आपोआप माझ्या तोंडी आलं : त्याने पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून दिला.

त्याचा घास हातातच राहिला. “खंडणी? कोणी मागितली?”

त्याचं काय चुकलं? तो रोज पेपर वाचतो. खंडणी म्हणजे बिल्डरला आलेला धमकीचा फोन, रात्री झालेली अटक. आमच्या पवित्र शास्त्रात तो शब्द सुटकेची किंमत म्हणून आला आणि तिथेच राहिला. बाहेरची मराठी मात्र पुढे निघून गेली.

मग मी त्याला आजोबांची गोष्ट सांगितली. नेवासे तालुक्यातली आमची चार एकर सावकाराकडे गहाण होती. कर्जाशी काडीचा संबंध नसलेल्या त्यांच्या धाकट्या भावाने आपली बैलजोडी घोडेगावच्या बाजारात विकली आणि जमीन सोडवली. ते वर्ष त्यांनी दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करून काढलं. “येशूने आमच्यासाठी असं केलं, असं आम्ही मानतो,” मी म्हटलं. मित्र जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आता कळलं. बैल विकताना घरात भांडण नाही झालं?”

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, आजच्या पिढीपर्यंत कशी न्यायची, यावर आमच्या चर्चच्या मंडळ्यांत तावातावाने बोलणं होतं आणि गाडी प्रोजेक्टर, ड्रमसेट, रील यांवर येऊन थांबते. रील जरूर करा, माझी तरुण मुलं फार मेहनतीने करतात. पण त्या रीलमध्येही खंडणीच असेल, तर ती बघून माझ्या मित्राच्या हाती काय लागणार?

लोकांच्या शब्दांत येशू सांगायचं हे काम आपल्याकडे फार पूर्वी सुरू झालंय. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस 1579 मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने येशूची कथा सांगणारं क्रिस्तपुराण रचलं. जवळजवळ 11 हजार ओव्या! 1616 मध्ये ते गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे छपाईचे खिळेच नव्हते. स्वर्गाला त्याने बिनधास्त वैकुंठ म्हटलं. त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली, 1684 मध्ये लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला, हेही आपण ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालून लक्षात ठेवायला हवं. जबरदस्तीने कोणाला ख्रिस्त भेटत नाही. आमिषानेही नाही.

आणि आमच्या नगरचे रेव्हरंड टिळक! 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण भाकरी थापताना टिळकांची भजनं म्हणायची. तव्यावरची भाकरी उलटताना तेवढा सूर तुटायचा. मला येशू पहिल्यांदा तिथे चुलीपाशी भेटला, उपासनेत नंतर.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर आपल्या काळातलेच. त्यांनी सुबोध बायबल लिहिलं. ‘सुबोध’ या शब्दातच सगळं आलं. वसईची हिरवाई वाचवायला ते सगळ्या जातीधर्माच्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. 2020 मध्ये उस्मानाबादला ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेव्हा आमच्या घरात सगळे टीव्हीसमोर बसले होते.

माझ्या मित्राने धर्म बदलावा म्हणून मी त्याला ती गोष्ट सांगितली नाही. तो वारी करतो, मनापासून करतो आणि त्याच्याकडून मी पुष्कळ शिकलोय. त्याने विचारलं आणि मला जे सगळ्यात प्रिय आहे ते त्याला समजेल असं सांगावं, एवढंच वाटलं.

पाळकसाहेबांशी बोललोय. यंदा नाताळच्या आदल्या रात्री चर्चच्या पटांगणात कीर्तन ठेवायचं ठरतंय. मृदंग वाजवणारं कोणी मिळेना, तेव्हा मित्र म्हणाला, “मी येतो ना.”