बेलिंगहॅम, १९०७: फिरणाऱ्या एका मजकुराबद्दल खुलासा

'अमेरिकेत भारतीयांबद्दलचा राग एच-वन-बी व्हिसामुळे आत्ता आला. पूर्वी कायद्याने गेलेल्यांना कुणी बोटही लावत नव्हतं,' असा मजकूर सध्या फिरतोय. तो खोटा आहे.

४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये शेकडो गोऱ्यांचा जमाव लाकूडगिरण्यांतल्या भारतीय मजुरांवर तुटून पडला. झोपलेल्यांना बाहेर ओढलं, मारहाण केली, पैसे लुटले. बहुतेक मजूर पंजाबी शीख होते. वर्तमानपत्रं मात्र सरसकट 'हिंदू' लिहीत. त्यांच्या येण्यावर तेव्हा कायद्याने बंदी नव्हती. काही दिवसांतच सगळे गाव सोडून गेले. हल्लेखोरांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही, हे मला सर्वांत जास्त बोचतं.

भांडण मजुरीचं होतं, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. कमी पगारावर माणसं ठेवत होते गिरणीमालक, पण मार खाल्ला मजुरांनी. कारण वांशिक द्वेषाची जमीन आधीच तयार होती: चिनी मजुरांना १८८२ पासून प्रवेशबंदी होती, आणि १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जपानी व कोरियन लोकांविरुद्ध संघटना उभी राहिली होती. त्याही आधी, १८५० च्या दशकात, आयरिश कॅथलिकांविरुद्ध राजकीय पक्ष निघाला होता, आणि आयरिश तर गोरेच होते.

भारतीयांच्या येण्यावर बंदीचा कायदा नंतर, १९१७ मध्ये आला. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथे स्थायिक झालेल्या भगतसिंग थिंद या पंजाबी शीख माणसाला नागरिकत्व नाकारलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० भारतीयांपुरतं.