कुंपण हवेच, पण त्याचा सौदा कोण करतो?

सप्रेम नमस्कार.

शस्त्रव्यापारावरच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा लेख अपमानास्पद वाटतो, कारगिलमध्ये बोफोर्स तोफा नसत्या तर काय झाले असते याचा मी विचार केलेला नाही, आणि कुंपण नसलेल्या वावरात रानडुकरे शिरतात एवढे तरी विदर्भातल्या माणसाला कळायला हवे, असे आपण लिहिले आहे.

आधी माझी चूक मान्य करतो. शस्त्रखरेदीचा खर्च आणि आपल्याकडच्या कास्तकारांच्या आत्महत्या मी एकाच वाक्यात बांधल्या, ते योग्य नव्हते. तोफा घेतल्या नसत्या तर तो पैसा यवतमाळच्या कोरडवाहू वावरापर्यंत पोचला असता, असे म्हणायला माझ्यापाशी आधार नाही. ते वाक्य मी काढून टाकले आहे.

कुंपणाबद्दल मात्र आपले दुमत नाहीच. माझा आक्षेप सौद्याला आहे. कापसाची गाडी घेऊन गेलेला कास्तकार भाव सांगत नाही, घेणारा सांगतो; शस्त्रांच्या बाजारात विकणारा सांगतो; आणि गरीब देश या दोन्ही बाजारांत समोरच्याचा भाव ऐकून घेत उभा असतो. विमान एकदा घेतले की सुटे भाग, दुरुस्ती आणि दारूगोळा यांसाठी पुढची कित्येक वर्षे त्याच दारात जावे लागते, आणि करार गोपनीय असल्यामुळे ज्याच्या करातून पैसा जातो त्याला काही विचारताही येत नाही.

आपलेच उदाहरण घेतो. १९८६ साली स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला. तोफ उत्तम होती, कारगिलने ते सिद्ध केले. पण १९८७ मध्ये स्वीडनच्या रेडिओने दलालीची बातमी दिली, त्यानंतर तोफखरेदीच्या प्रत्येक निर्णयावर संशयाची छाया पडली, आणि बोफोर्ससारखीच १५५ मिलिमीटरची नवी परदेशी तोफ लष्कराच्या हाती यायला २०१७ साल उजाडले. दलालीने इथे कुंपणच खिळखिळे केले, ही गोष्ट आपल्यासारख्या जाणकाराने अधिक तीव्रतेने मांडायला हवी असे मला वाटते.

टांझानियाची हकिकत याहून बोचरी आहे. कर्जमाफीवर अवलंबून असलेल्या त्या देशाला ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्स कंपनीने २ कोटी ८० लाख पौंडांची रडार यंत्रणा विकली. ती गरजेपेक्षा फार महाग आहे असे जागतिक बँकेने सांगितले होते, ब्रिटिश मंत्री क्लेअर शॉर्ट यांनीही विरोध केला होता, तरीही निर्यातीला परवानगी मिळाली. २०१० मध्ये कंपनीने दलालाला दिलेल्या रकमांच्या नोंदी नीट ठेवल्या नाहीत, असा गुन्हा लंडनच्या न्यायालयात कबूल केला आणि २ कोटी ९५ लाख पौंड टांझानियाला द्यायचे ठरले. त्या पैशातून शाळांसाठी पाठ्यपुस्तके आणि बाके घेण्यात आली. म्हणजे जवळजवळ रडारच्या किमतीएवढी पुस्तके आणि बाके इतकी वर्षे त्या मुलांना मिळाली नव्हती.

माली हा देश तर आपल्यासारखाच कापूस पिकवणारा आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानामुळे आमचे भाव पडतात, अशी कैफियत त्याने २००३ मध्ये बुर्किना फासो, बेनिन आणि चाड यांच्यासह जागतिक व्यापार संघटनेत मांडली होती. २०११ मध्ये लिबियात हुकूमशहा गद्दाफीची राजवट कोसळली, तिला वर्षानुवर्षे विकलेली शस्त्रे तिथल्या कोठारांतून वाळवंटापार पसरली आणि २०१२ च्या सुरुवातीला उत्तर मालीत बंड पेटले. शस्त्र एकदा विकले की ते कोणाच्या खांद्यावर जाईल हे विकणाऱ्याच्या हाती उरत नाही. किंमत मात्र दुसऱ्याच देशातला शेतकरी मोजतो.

निर्माणीतल्या कामगारांचा अपमान माझ्या मनातही नव्हता. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावजवळ सोनेगावच्या शिवारात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन ६ जण गेले, त्यांत आसपासच्या खेड्यांतले मजूर होते. दारूगोळा वापरला गेला नाही तरी त्याचा धोका कोणाच्या वाट्याला येतो, हे आपल्या जिल्ह्यांना कोणी सांगायला नको.

मग निर्माण्या बंद करायच्या का, असे आपण शेवटी विचारले आहे. नाही. पण २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपये असलेली आपली संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली आहे, म्हणजे आता आपणही विकणारे झालो आहोत. संयुक्त राष्ट्रांत २०१३ साली शस्त्रव्यापार करार संमत झाला तेव्हा तो निर्यातदारांच्या बाजूने झुकलेला आहे म्हणून भारत तटस्थ राहिला होता, आणि त्या वेळी ती भूमिका मला रास्त वाटली होती. आज माल कोणत्या देशाला जातो, तिथे तो कोणावर रोखला जाईल आणि दलालाला किती मिळते, हे संसदेपुढे उघडपणे यावे एवढी माझी मागणी आहे. आपण निर्माणीत होता तेव्हा गोळ्यांची पेटी कुठल्या देशासाठी भरली जात आहे हे कामगारांना कळत असे का, हे आपण लिहिलेत तर मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.