नायट्रोप्लास्टची बातमी आणि मधली सव्वीस वर्षं

'आता पिकांना खत लागणार नाही' छापाच्या पोस्ट पुन्हा फिरायला लागल्यात. निमित्त नायट्रोप्लास्टचं, म्हणजे हवेतला नायट्रोजन वापरण्याजोगा करणाऱ्या, शैवालाच्या पेशीतल्या एका भागाचं. त्याचा शोध जबरदस्त आहे, वादच नाही. पण त्यातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग कुणी सांगतच नाही, म्हणून हा प्रपंच.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो फोडून वापरायची हातोटी फक्त काही जिवाणूंकडे आणि आर्कियांकडे (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव). आपण खतासाठी तेच करतो तेव्हा ४००-५०० अंश तापमान, प्रचंड दाब आणि बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू लागतो. कार्बन डायऑक्साइड निघतो तो वेगळाच. एप्रिल २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या शोधनिबंधानं दाखवलं की एका एकपेशीय सागरी शैवालात या कामाचं चक्क स्वतंत्र अंगक (पेशीच्या आतला एखादं काम करणारा भाग) आहे, तेच नायट्रोप्लास्ट. साधारण १० कोटी वर्षांपूर्वी तो एक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे स्वतंत्र जगणारा जिवाणू होता. शैवालात शिरला आणि तिथलाच झाला. आता पेशी दुभंगते तेव्हा तोही तिच्या तालात दुभंगतो, आणि त्याला लागणारी बरीच प्रथिनं शैवाल बनवून आत पाठवतं, वर पत्ता चिकटवल्यासारखी खूण लावून.

आता मधला काळ बघा. कॅलिफोर्नियाचे संशोधक जोनाथन झेर यांना पॅसिफिकच्या पाण्यात या जिवाणूच्या डीएनएचा एक छोटा तुकडा मिळाला १९९८ मध्ये. जीव कुठला, राहतो कुठे, काही पत्ता नाही. तिकडे जपानमध्ये संशोधक क्योको हागिनो नेमकं हेच शैवाल प्रयोगशाळेत जगवायच्या मागे लागल्या होत्या. त्यासाठी दहाहून जास्त वर्षं आणि नमुने गोळा करायच्या तीनशेवर मोहिमा! त्यांचं शैवाल तगलं नसतं तर त्याची पेशी दुभंगताना बघायला मिळालीच नसती.

आणि हे एकच उदाहरण नाही. आपल्या पेशींच्या पूर्वजांशी जवळचं नातं असलेला एक आर्किया जपानी गटानं समुद्रतळाच्या गाळातून वाढवला, त्याला १२ वर्षं लागली. हा जीव दुप्पट व्हायलाच १४ ते २५ दिवस घेतो, ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूला वीस मिनिटं पुरतात. निबंध आला २०२० मध्ये.

संशोधनाचं अनुदान मात्र साधारण तीन ते पाच वर्षांचं, आणि दरवर्षी 'निष्पत्ती काय?' हा रकाना भरायचा. सातव्या वर्षी हागिनोंसारख्या माणसानं त्यात काय लिहावं? 'शैवाल अजून जगत नाही'? असल्या रकान्यांवर निधी ठरवणं मला तरी शुद्ध आंधळेपणा वाटतो.

आता खताचं. असं अंगक पिकांत बसवलं की खत नको, ही त्या पोस्टमागची कल्पना. पण नायट्रोजन फोडणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजननं निकामी होतं, आणि हिरवी पानं दिवसभर ऑक्सिजनच बनवत असतात. त्यात अंगकाला लागणारी प्रथिनं गव्हाच्या केंद्रकातून, योग्य खुणेसकट, योग्य प्रमाणात पोचवायची. यातलं एकही काम तीन वर्षांच्या प्रकल्पात उरकणारं नाही. त्यामुळे ज्यांना बिनखताचं पीक हवंय, त्यांनी आधी अनुदानाची मुदत वाढवून मागावी.