भोक का पडत नाही, आणि पडतं तेव्हा का पडतं

लेझरच्या धक्क्याने पातळ फॉइल डायमध्ये (साच्यात) दाबून तिला आकार देता येतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: २० मायक्रॉनच्या तांब्याच्या फॉइलवर लेझर मारला तर भोक पडेल, आकार आलाच तर तो उष्णतेने येईल, 'शॉक' हे नुसतं नाव. आधी कबुली देतो. 'इथे उष्णतेचा काहीच संबंध नाही' हे लेखातलं माझं वाक्य चुकलं. उष्णता असते, पण ती फॉइलपर्यंत पोचायच्या आत काम उरकलेलं असतं.

हिशोबच करू. लेझरची एक पल्स, म्हणजे एक क्षणिक झोत, ८ नॅनोसेकंदांची. तेवढ्यात तांब्यात उष्णता जेमतेम २ मायक्रॉन शिरते. शिवाय वर काळ्या रंगाचा थर आणि त्यावर १-२ मिमी पाणी असतं. रंगाचा वरचा पापुद्रा उडून त्याचा प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) होतो. पाणी त्याला वर पसरू देत नाही, म्हणून तो फॉइलला खाली डायमध्ये रेटतो. २०० मिलीज्यूलची पल्स २ मिमीच्या ठिपक्यावर घेतली, तर तीव्रता चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८ गिगावॉट. अशा कोंडलेल्या प्लाझ्माच्या दाबासाठी फाब्रो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दिलेल्या सूत्राने दाब ०.९ गिगापास्कलच्या आसपास येतो. अनील केलेलं (तापवून मऊ केलेलं) तांबं एरवी १०० मेगापास्कलच्या आतच नमतं. इतक्या वेगात जास्त सोसतं, पण एवढं नाही. पाणी काढा, दाब कित्येक पटींनी कोसळतो. रंगही काढलात तर तुमचंच म्हणणं खरं.

भोकं पडतात, हे मान्यच. पण भिंगाखाली कड बघा. कड गोलसर, वितळून मणी धरलेली असेल तर तिथे रंग सुटला होता. सरळ कातरल्यासारखी असेल तर डायची कड धारदार राहिली. तिला गोलाई द्या. (मुद्दाम धार ठेवली की तेच पंचिंग, म्हणजे भोक पाडण्याची पद्धत!) डायमधली हवा निघायला वाट नसेल तर भोक पडत नाही, पण तळही भरत नाही.

रंगाऐवजी काळी इन्सुलेशन टेप सुचवलीत. जाड पत्र्याला चालेल. इथे टेपच फॉइलच्या कित्येक पट जाड, बारीक नक्षी बोथट होते. स्प्रेचा पातळ, एकसारखा थर बरा. नंतर ॲसिटोनने निघतो.

एकाच सेटिंगवर दोन कप (फॉइलच्या दाबून केलेल्या वाट्या) वेगळे का निघतात, हा तुमचा प्रश्न मात्र नेमका आहे. २० मायक्रॉन जाडीत धातूचे ग्रेन (स्फटिकांचे कण) एक-दोनच मावतात. त्यांची दिशा जशी पडेल तसा आकार. यावर माझ्याकडे सोपा इलाज नाही. बारीक ग्रेनची फॉइल घेतली तर फरक कमी होतो, एवढंच.

लेझर १० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला दहा पल्सनी, चालवू नका. पाणी उसळतं, बुडबुडे राहतात आणि पुढची पल्स त्यांच्यावरच विखुरते. एकेक पल्स मारा, पाणी स्थिर होऊ द्या, आणि लेन्सखाली काचपट्टी ठेवा, नाहीतर तुषार थेट लेन्सवर.