माळ्यावरचा बँजो लाखाला कसा विकावा

माळा आवरताना जुना बँजो सापडला? अभिनंदन. आता तुमच्या घरात कुणाला नोकरी करायची गरज नाही. फक्त मी, वाद्यं दुरुस्त करणारा दुकानदार, सांगतो तसं करा.

सगळ्यात आधी वय ठरवून टाका. वाद्य नीट बघायच्या आतच ठरवलेलं बरं, नंतर उगाच अडचण होते. शंभर वर्षं हा आकडा छान आहे. सोलापूरकर असाल तर ‘आजोबांनी मार्शल लॉच्या, म्हणजे इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा लावला त्या वेळी मिरवणुकीत वाजवलाय’ असं ठोकून द्या. १९३० म्हटलं की समोरचा अदबीनं गप्प बसतो. आणखी मागं जायचं असेल तर पणजोबांच्या हातात १८८० सालीच देऊन टाका. आपला हा बटणांचा बँजो ज्या जपानी तैशोगोतोवरून आला, तो नागोयात १९१२ साली तयार झाला, ही किरकोळ बाब आहे. पणजोबा काळाच्या पुढं होते म्हणायचं.

मग मोबाईलवर भाव काढा. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीचा दुसऱ्या महायुद्धाआधीचा मास्टरटोन दिसेल. डॉलरला रुपयानं गुणा आणि खुर्ची धरून बसा. तो बँजो गोल असतो, डफाला दांडा जोडावा तसा, आणि त्याला चार नाहीतर पाच तारा. आपली लांबट लाकडी पेटी, वर सारेगमची बटणं. असल्या फरकाकडं बघायचं नाही. पडद्यावर दिसणारी रक्कम कुणीतरी मागितलेली आहे की कुणी खिशातून मोजलेली, हेही बघायचं नाही.

फोटो रात्रीच काढा, ट्यूबलाईटची तिरीप बरोबर बटणांवर येईल असा. पाठीमागची बाजू, खुंट्या, आतला कागद चुकूनही दाखवू नका. आणि मला पाठवायचा तो नळाला पाणी येतं त्या दिवशी, आम्ही मोटर लावायला धावत असताना.

तारा किती, ते मोजू नका.

साफसफाई मात्र अगदी मनापासून करा. परवा एक गृहस्थ दुकानात आले. गणपती तोंडावर, मिरवणुकीत वाजवणाऱ्या बँजो पार्टीवाल्यांचे बँजो दुरुस्तीला एकावर एक रचलेले, त्यात यांनी चादरीतून आपला ऐवज सोडला. ‘बघा की मालक, नव्यावानी केलंय!’ खरंच केलं होतं. पेटी पॉलिश पेपरनं घासून वर सोनेरी ऑईलपेंट. खुंट्यांवरही तोच हात फिरवलेला, त्यामुळं खुंट्या जागच्या जागी चिकटलेल्या. जुने एका खाचेचे स्क्रू काढून सगळीकडं चकचकीत चौफुलीचे. बटणांवरची अक्षरं पुसट झाली होती म्हणून मार्करनं गिरवलेली, त्यात ‘ध’चा ‘घ’ झालेला. मी विचारलं, आत कागद चिकटवलेला असतो, तो कुठंय? म्हणाले, ‘लई घाण दिसत होता, ओल्या फडक्यानं काढून टाकला.’

काढून टाकला! अहो, त्या बोटभर कागदावरच तर बोलण्यासारखं होतं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असता, तर तो कागद १९७२च्या १५ ऑगस्टच्या आधीचा नाही, एवढं तर छातीठोक सांगता आलं असतं. पिनकोड सुरूच त्या दिवशी झाला. किंमत आण्यांत असती तर १९५७च्या अलीकडं फारसं यायला नको, कारण त्या एप्रिलात नये पैसे आले. इंग्रजीत ‘बॉम्बे’ असतं तर बहुतेक १९९५च्या आधीचा. ‘स्थापना’ म्हणून साल छापलेलं असतं, तर ते दुकानाचं, वाद्याचं नव्हे, हेही समजावलं असतं. स्क्रूसुद्धा बोलतात. चौफुलीचा स्क्रू अमेरिकेत बाजारात आला तोच १९३०च्या दशकाच्या मध्यावर. मूळचे स्क्रू जागेवर असते तर निदान अंदाजाला आधार मिळाला असता. तुम्ही ते भंगारात दिलेत, आणि वर मलाच विचारता, ‘मग किती लाख?’

वय सांगता येणार नाही म्हटलं तर, ‘तुम्हाला यातलं काय कळत नाही, नुसतं सर्टिफिकेट द्या.’ शंभर वर्षांचं. माझ्या सहीनं!

बास झालं. आता सरळ ऐका. जुन्या वाद्याला रंग लावायचा नाही, घासायचं नाही, आतला कागद खरवडायचा नाही. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसायची आणि तिथंच थांबायचं. फोटो दिवसा काढा, पुढून, मागून, आतून. नवा बँजो काही हजारांत मिळतो. मग आवाज स्पीकरवर घेणारा पिकअप बसवायला भोकं पाडलेल्या, मिरवणुकीच्या गाडीवर आदळआपट सोसलेल्या जुन्या पेटीला लाख कोण देणार? तुम्ही द्याल का? मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, या चौघांना त्याच मार्शल लॉपायी १२ जानेवारी १९३१ला फाशी झाली. आणि तुम्ही चार पैसे जास्त यावेत म्हणून आजोबांना त्या दिवसांत नेऊन उभं करता? त्यांनी लग्नाच्या वरातीत वाजवला असेल तर तसं सांगा, त्यात काय कमीपणा आहे?

तो सोनेरी बँजो परत चादरीत गुंडाळून घेऊन जा. आणि माझा नंबर पाहुण्यारावळ्यांना वाटत फिरू नका.